फुकट नव्हे, मुक्त!

मंडळाच्या संगणक शिबिराचे पत्रक छापायला जायचे आहे आणि एका शब्दावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरोघरचे जुने पण धडधाकट संगणक भंगारात जाऊ नयेत, म्हणून त्यांवर लिनक्स कसे चालवावे हे शिबिरात दाखवायचे आहे. मसुद्यात 'फ्री सॉफ्टवेअर' असे आहे. काहींना 'मोफत' हवे. आमचे मत 'मुक्त'ला.

मूळ घोटाळा इंग्रजीचा. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये हे काम जाहीर केले तेव्हापासून 'फ्री' म्हणजे स्वतंत्र, फुकट नव्हे, हे समजावता समजावता त्यांच्या मंडळींची दमछाक झाली. १९९८ मध्ये काहींनी 'ओपन सोर्स' हे नाव काढले, त्याचे एक कारण हेच. मराठीत दोन वेगळे शब्द असताना ही डोकेदुखी आपण का विकत घ्यावी?

'मुक्त' लोकांना कळणार नाही म्हणे! दरवर्षी २ ऑगस्टला आपण मुक्तिदिन पाळतो. १९५४ साली हा मुलूख पोर्तुगिजांकडून सोडवणाऱ्या स्वयंसेवकांत सुधीर फडके होते. ती मुक्ती फुकट मिळाली, असे किलवणीत कोणी म्हणेल काय? नाशिकच्या मुक्त विद्यापीठातही शुल्क भरावेच लागते.

आम्ही बँकेतले, म्हणून तिथलाच दाखला देतो. १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. नियम उघड असल्याने पासबुक घेऊन बसलेला एखादा निवृत्त गुरुजी कारकुनाची चूक काढू शकत असे (आणि काढतही असे!). मुक्त सॉफ्टवेअरचे तसेच आहे. प्रोग्राम आत काय करतो ते जाणकाराला पाहता येते, बदलता येते, मूळ किंवा बदललेल्या प्रती वाटता येतात, विकताही येतात. व्हॉट्सअ‍ॅप फुकट आहे, पण त्याची वही बंद.

'मोफत' छापले, तर फुकट ते पौष्टिक म्हणत गर्दी होईल. उद्या लिनक्स बसवून देणाऱ्या मुलाने दोनशे रुपये मजुरी मागितली की तीच मंडळी मंडळाने फसवले म्हणतील. तेव्हा पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'मुक्त सॉफ्टवेअर' छापावे आणि खाली एक ओळ: 'वापरा, तपासा, बदला, वाटा. बहुधा पैसे पडत नाहीत. बसवण्याची मजुरी वेगळी.'