सरकारचा शब्द दप्तरात बांधा



२१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांनी सेझविषयी मतदान केले. तोंडी विरोध हवेत विरतो. त्या दिवशी तो सरकारी दप्तरात चढला.

आज कापूस खरेदीची घोषणा, ज्वारी नोंदणीची मुदत, पीकविम्याचे आश्वासन समाजमाध्यमावर येते. सकाळी दिलेला शब्द संध्याकाळी पुसता येतो. मग दाद कशाच्या जोरावर मागायची?

आमचे सांगणे सोपे आहे. पोस्ट ब्राउझरमध्ये उघडा. तिच्या तारखेवर दाबले की बहुधा ती एकटी उघडते. वरचा पत्ता कॉपी करून ठेवा. मग 'प्रिंट'मध्ये जाऊन पीडीएफ जतन करा. खात्याचे नाव, तारीख, वेळ कापू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा प्रतीसोबत कोर्टात प्रमाणपत्र लागते. म्हणून मूळ फाईल आणि तो मोबाईल किंवा संगणक सांभाळा.

सातबारा जपतो तसाच सरकारचा शब्द जपू. गावागणिक एकाने हे काम अंगावर घ्यावे आणि पुढच्या जिल्हा बैठकीला प्रती घेऊन यावे.