हौस कुणाची, शौक कुणाचा?

मराठीतले अरबी-फारसी शब्द म्हणजे मुसलमानी राजवटीचा गाळ, तो उपसला की भाषा निर्मळ होईल, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. दुसरीकडे आमच्यातलेच काही जाणते सांगतात की मराठी ही बाजाराची, कचेरीची भाषा. काळजातली तगमग सांगायची तर उर्दूच हवी. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या या दोन्ही मंडळींचं एका मुद्द्यावर एकमत आहे : आमच्या मनाची ओढ आणि मराठी यांचं नातं नाही. आम्हाला हे मान्य नाही. साक्षीला आम्ही दोनच शब्द उभे करतो, शौक आणि हौस.

दोन्ही अरबी. 'शौक' म्हणजे जे जवळ नाही त्याच्याकडे जीव ओढला जाणं, झुरणं. इमाम गझालींनी (मृत्यू ११११) 'इह्या उलूम अद्‌दीन' या ग्रंथात एक अख्खा भाग प्रेम आणि शौक यांना दिला आहे. ते म्हणतात, ज्याची अजिबात ओळख नाही त्याचा शौक होत नाही आणि जे पूर्ण हाती आलं त्याचाही होत नाही. अर्धं दिसतं, अर्धं झाकलेलं असतं, तिथेच शौक जन्मतो. सूफींनी हा शब्द अल्लाहच्या ओढीसाठी वापरला. 'हवस' मात्र हलक्या कुळातला. अरबीत त्याचा अर्थ डोक्यात शिरलेलं खूळ. उर्दूत तर लालसा, वासना.

आता हेच दोन शब्द मराठीत काय झाले पाहा. सूफींचा शौक इथे घसरला. 'शौकीन माणूस' म्हटलं की डोळ्यांपुढे तमाशाच्या फडात पुढच्या रांगेत बसलेला, पैसे उधळणारा गडी येतो. आणि बदनाम हवस मराठीत 'हौस' होऊन पावन झाली. नवसाहौसाचं लेकरू, हौशी रंगभूमी, हौसेला मोल नाही! भाचीच्या लग्नात हौसेनं हळद लावणाऱ्या आमच्या फुफीला आणि शेजारच्या आत्याबाईंना हा शब्द सारखाच आपला वाटतो.

यातून काय दिसतं? शब्दाची इज्जत त्याच्या कुळावर ठरत नाही, तो ज्या घरात वाढला त्या घरावर ठरते. हौसेला घडवलं ते मराठी माणसानं, हिंदूनं आणि मुसलमानानं मिळून.

भाषाशुद्धीवाल्यांना आम्ही एवढंच विचारतो : हौस काढून तिथे काय ठेवणार? सावरकरांनी १९२०च्या दशकात ही चळवळ उभारली. 'तारखे'शेजारी 'दिनांक' आला, कागदोपत्री रुळलाही. पण हौसेच्या जागी कुठलाच शब्द रुजला नाही. माधव जूलियनांची गोष्ट तर जास्त बोलकी. १९२५ साली फारशी-मराठी कोश देणारा, मराठीत गझल आणणारा हा कवी १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहितो. मराठीत फारसी किती खोल मुरली आहे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मुरलेलं मीठ वेचून काढता येत नाही.

आणि आमच्या जाणत्यांनो, उर्दूवर आमचा राग नाही. ती गोड आहेच. पण तगमग सांगायला मराठी अपुरी, हे कशाच्या बळावर म्हणता? सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. हुरहूर, तळमळ, ध्यास, आस हे शब्द कुणाच्या मालकीचे नाहीत. कोकणातल्या आमच्या माणसांच्या तर चुलीपाशीची भाषाही मराठीच आहे. मुलांना 'ही भाषा परक्यांची' असं आपणच शिकवलं, तर बाहेरचा माणूस 'तुम्ही मराठी छान बोलता हो' म्हणून कौतुक करतो, तेव्हा त्याच्यावर रागावण्याचा हक्क आपल्याला उरत नाही.

गझालींचा निकष इथे लावून बघा. जे हाती आहे त्याचा शौक नसतो. मराठी आमच्या जिभेवर आहे. तिच्यासाठी आम्ही कुणाच्या दारात झुरत उभे नाही. तिच्यात लिहिण्याची आम्हाला हौस आहे, आणि ती भागवायला आम्ही कुणाची परवानगी मागणार नाही.