हॉर्नच्या वकिलांना उत्तर

हॉर्नला विरोध म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, असे एका गृहस्थांनी अलीकडे मोठ्या तावातावाने मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आपले रस्ते अरुंद, माणसे वाटेल तिथून रस्ता ओलांडणारी, लेनची शिस्त कुणालाच नाही; अशा ठिकाणी हॉर्न जीव वाचवतो. शिवाय गोंगाट हे शहर जिवंत असल्याचे लक्षण आहे, शांतता परदेशी लोकांना लखलाभ आणि कायदा कितीही केला तरी इथे तो चालायचा नाही.

पहिला मुद्दा आधी घेतो, कारण सगळे त्याच्याच आडून बोलतात. हॉर्न जीव वाचवतो हे खरे आहे. ताम्हिणी घाटातल्या आंधळ्या वळणावर हॉर्न दिलाच पाहिजे. जो देत नाही तो गुन्हेगार. पण पुण्यात नळस्टॉपच्या सिग्नलला लाल दिव्याचे पाच आकडे उरले असताना मागून जो गिल्ला सुरू होतो, तो कुणाचा जीव वाचवतो? समोर वळण नाही, मूल धावत आलेले नाही, सगळी वाहने उभी आहेत. हिरवा लागल्यावरही रांगेतली दहावी गाडी नववी हलल्याशिवाय हलू शकत नाही. प्रत्येक चालकाला पुढची गाडी हललेली दिसायला आणि क्लच सोडायला एक-दोन सेकंद लागतात; हा वेळ हॉर्नने कमी होत नाही. दहाव्या गाडीवाल्याला हे कळत नाही असेही नाही. तरी त्याचा अंगठा बटणावरच असतो.

आणि यातच सुरक्षिततेचा खरा घात आहे. इशाऱ्याचा आवाज कानाला टोचतो तो विरळ असला तरच. दिवसभर चारी बाजूंनी हॉर्न ऐकणारा पादचारी पुढे मान वळवणेच सोडून देतो, कारण प्रत्येक हॉर्नला मान वळवली तर त्याला चालताच येणार नाही. मग खरोखर ब्रेक निकामी झालेला टेम्पो मागून हॉर्न देत आला तरी तो वळून बघत नाही. रुग्णवाहिकेचा सायरनही याच कल्लोळात बुडतो. गाडीवाल्याच्या काचा बंद असतात, आत गाणी चालू असतात. स्वतःच्या हॉर्नचा त्रास सगळ्यात कमी त्यालाच होतो. तो सोसतो फुटपाथवरचा भाजीवाला, चौकातला वाहतूक पोलीस आणि तान्हे मूल कडेवर घेऊन बसथांब्यावर उभी असलेली बाई. चोचले कुणाचे, हे त्या गृहस्थांनी या तिघांना विचारावे. डेसिबलचे गणितही सरळ नसते: दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. सन 2000 च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 ही मर्यादा आहे. कर्कश हॉर्न ती किती पटींनी ओलांडतो, याचा हिशेब कुणीही करून पाहावा.

हाच युक्तिवाद आम्ही हेल्मेटच्या वेळीही ऐकला आहे. मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो! तेव्हाही गैरसोयीला सुरक्षिततेचा अंगरखा चढवला होता. ऐकू येत नाही म्हणून हेल्मेट नाकारणारे हात नंतर हॉर्नवरून निघाले नाहीत, हे मी विसरलेलो नाही.

गोंगाट हे जिवंतपणाचे लक्षण असेल, तर रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा शांतता परिसर आधी रद्द करण्याची मागणी त्या गृहस्थांनी उघडपणे करावी. परदेशाचा दाखला आम्हाला नकोच. मिझोरमची राजधानी ऐझॉल आपल्याच देशात आहे. तिथले रस्ते डोंगरातले, अरुंद आणि वाहनांनी भरलेले असतात, आणि तिथे माणसे हॉर्न न वाजवता रांगेत थांबतात.

कायदा चालत नाही, हे मात्र त्यांनी जवळजवळ खरे सांगितले. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 फ प्रमाणे विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा एक हजार आणि पुन्हा सापडल्यास दोन हजार दंड आहे. 2015 मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने ट्रकच्या पाठीवरच्या ‘हॉर्न ओके प्लीज’ला बंदी केली. ट्रकच्या पाठी आजही वाचून बघा. पण चालत नाही म्हणून कायदा सोडून द्यायचा असेल, तर लाल दिवाही उद्याच काढून टाकावा लागेल. मुंबई पोलिसांनी 2020 च्या सुरुवातीला एक उपाय लोकांसमोर आणला होता: सिग्नलला आवाज 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. घाई करणाऱ्याला वेळेचाच दंड! हा उपाय राज्यातल्या प्रत्येक मोठ्या चौकात कायमचा बसला पाहिजे.

तेवढ्याने भागणार नाही. प्रेशर हॉर्न आणि गाणी वाजवणारे रिव्हर्स हॉर्न विकणाऱ्या दुकानांवरच धाड पडली पाहिजे. रस्त्यात गाडी अडवून एकेक हॉर्न काढत बसणे म्हणजे शेंडा छाटणे. लायसन्सच्या चाचणीत आठाचा आकडा काढून घेतात, त्याबरोबर हॉर्न न वाजवता गर्दीतून गाडी नेऊन दाखवायला लावावे. ज्याला ते जमत नाही त्याला गाडी चालवता येत नाही. त्याला लायसन्स देऊ नये.