पोरगं नशा करतंय? केंद्रात टाकण्याआधी हे वाचा

परळ : पोरगं नशा करतंय हे कळलं की गावाकडं घरच्यांना दोनच गोष्टी सुचतात. बदडून काढायचं, नाहीतर कुठल्यातरी केंद्रात नेऊन टाकायचं. लालबाग-परळला काका-मामा असेल तर 'केईएमला दाखवू' असंही ठरतं. केईएमच्या मानसोपचार विभागात व्यसनावर उपचार होतात. पण कुठंही गेलं तरी उपचाराची सुरुवात गोळीनं नाही, विचारपुशीनं व्हायला हवी.

काय घेतो? वर्षात किती दिवस घेतलं? एकटा असताना घेतो का? नंतर काय केलं ते आठवत नाही, असं होतं का? नशेत गाडी चालवली का? डॉक्टर हे आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर बसवून विचारतात. बाप समोर उभा असताना पंधरा वर्षांचा पोरगा खरं कशाला सांगेल? त्या उत्तरांवरून एकदोनदा चव घेतलेला कोण आणि अडकलेला कोण, हे कळतं. पहिल्याला बऱ्याचदा समुपदेशन पुरतं. त्याला अट्टल व्यसनींत नेऊन ठेवलं तर तो नको ते शिकूनच येतो.

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कमाई आटली. त्याच दशकात मुंबईत गर्द पसरलं. आता लहान मुलांच्या हाती व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त प्रमाण आढळलेली नशा एकच, ती या हुंगायच्या वस्तूंची. देशात ४.६ लाख मुलांना त्यासाठी मदतीची गरज असल्याचं त्यात म्हटलंय. यावर खास असं औषध नाही, आणि हुंगताना हृदय अचानक बंद पडू शकतं. गर्दचा धोका वेगळा. काही आठवडे सुटल्यावर पोरानं पुन्हा पहिल्याइतकाच डोस घेतला, तर तो जिवावर बेततो. म्हणून घरी आल्यावरचे महिनेच जास्त जपायचे.

'पोराला सोडा, तीन महिन्यांनी या' असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे अल्पवयीन मुलाला दाखल केलं तर मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस किंवा नेमलेली व्यक्ती सोबत राहावी लागते.

मुंबई गाठण्याआधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही नंबर मोफत आहेत.