आडनावातला ‘वार’ आणि आमचे ‘हे’

मैत्रिणींनो, या वेळी स्वयंपाकघर जरा बाजूला ठेवू या. पुण्याहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर दोन ओळींत देण्यासारखं नाही.

नाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, ती पाळते. आडनाव मात्र छापावंच लागणार, कारण सगळा प्रश्न त्याचाच आहे. ते आहे मामीडवार. या आडनावाची घरं आमच्याकडे पुष्कळ, तेव्हा बाईंची ओळख उघडी पडायची नाही. माहेर वणीचं, सासर चंद्रपूरचं, आणि यजमानांच्या नोकरीमुळे बिऱ्हाड पुण्याला. मुलगा पाचवीत. वर्गातली मुलं त्याला ‘मामी’ म्हणून हाक मारतात. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे शेवटच्या तीन अक्षरांचा उच्चार ‘वॉर’ असा करून लढाईचे आवाज काढतात. मोठी माणसंही कमी नाहीत. “हे कुठलं हो आडनाव? सोमवार, मंगळवार, तसं मामीडवार का?” असं एका समारंभात कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. यजमान वैतागले आहेत. त्यांचं म्हणणं, शेवटचा ‘वार’ काढून ‘कर’ लावू, मामीडकर करून टाकू, म्हणजे चारचौघांसारखं होईल. ही बातमी चंद्रपूरला पोचली तेव्हापासून सासूबाई फोनवर धड बोलत नाहीत. बाई विचारतात, “ताई, आमच्या आडनावाला काही अर्थ तरी आहे का? ते इतकं दुर्मिळ का? आणि बदलावं की नाही?”

अर्थ आहे, आणि मोठा गोड आहे. तेलुगू भाषेत ‘मामिडी’ म्हणजे आंबा!

आता ‘वार’चं बघा. त्याचा आठवड्याच्या वाराशी संबंध नाही आणि तलवारीच्या वाराशी तर नाहीच. तेलुगूत ‘वारु’ हा आदराने बोलायचा शब्द आहे. ‘ते लोक’, ‘ती मंडळी’ असा त्याचा अर्थ. एकट्या माणसाबद्दल मानाने बोलायचं तरी ‘वारु’च म्हणतात, जसं आपण एकाच माणसाला ‘ते आले’ म्हणतो. मामिडी-वारु म्हणजे मामिडी घराण्याची मंडळी. नदी ओलांडून मराठी मुलखात आल्यावर शेवटचा उकार गळला आणि मामीडवार झालं.

आमच्या शेजारी सिरोंच्याकडच्या एक मावशी राहतात. त्या आपल्या यजमानांबद्दल बोलताना ‘मा वारु’ म्हणतात. शब्दशः ‘आमची ती मंडळी’, आणि भावार्थ विचाराल तर थेट आपलं ‘आमचे हे’! नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून मानाचं सर्वनाम वापरायचं. आपल्याकडे ‘हे’, त्यांच्याकडे ‘वारु’. म्हणजे पुण्याच्या आमच्या भगिनीचे ‘हे’ जो तुकडा कापून टाकायला निघाले आहेत, तो नेमका मान देणारा तुकडा आहे. हे त्यांना जेवायला वाढताना सांगून बघा.

मी भद्रावतीला राहते आणि सकाळचे काही तास शाळेत शिकवते. हजेरी घेताना आमच्या जिल्ह्याचा नकाशाच वाचल्यासारखा वाटतो. एका दमात धानोरकर, पिंपळकर, झाडे, मडावी, आत्राम, कोंडावार, मेश्राम, चिंतावार. आयुधनिर्माणीची वसाहत असल्यामुळे मधेच एखादा मिश्रा आणि एखादी नायरही येते. यांतला ‘कर’ आपल्या ओळखीचा, गाव सांगणारा. ‘वार’ घराणं सांगतो. कधी त्या घराण्याच्या नावात गावही असतं. कोतपल्लीवार हे आडनाव घ्या. कोत्त म्हणजे नवं, पल्ली म्हणजे खेडं. म्हणजे आपले नवेगावकर! कोंडा म्हणजे डोंगर, त्यावरून कोंडावार. मद्दी हे ऐनाच्या झाडाचं नाव, आणि मद्दीवार मंडळी गडचिरोलीकडे आहेत, जिथे जंगलात ऐनाला तोटा नाही. चिंतावार ऐकून पुण्या-मुंबईच्या लोकांना काळजी वाटत असेल, पण तेलुगूत ‘चिंत’ म्हणजे चिंचेचं झाड. (काळजीलाही तिथे हाच शब्द आहे, पण काळजीवरून घराण्याचं नाव कोण ठेवील? मी तरी चिंचेच्या बाजूने.)

आपल्याकडे आंबेकर, चिंचोलकर, बोरकर, पिंपळकर आहेतच ना? तीच झाडं, तीच माणसं, भाषा तेवढी दुसरी. मामीडवारांच्या मूळ पुरुषाच्या दारात आंबा होता की आमराई होती, की ते मामिडीपल्ली नावाच्या एखाद्या गावाहून आले, हे त्या त्या घरातच विचारायला हवं. मामिडीपल्ली नावाची गावं तेलंगणात आहेत. पण आंबा सुटत नाही, एवढं नक्की.

ही तेलुगू नावं इतकी आत मराठीत आली कशी? आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला नदी हीच सीमा. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याच्या खाली गोदावरीला मिळते. नकाशावर ती रेघ दिसते. माणसांना ती कधी रेघ वाटली नाही. बाजार, लग्नं, जत्रा दोन्ही काठांवर. सिरोंचा तालुक्यात आजही घराघरांत तेलुगू बोलतात. इंग्रजांच्या वेळी सिरोंचा हे अपर गोदावरी नावाच्या वेगळ्या जिल्ह्याचं ठिकाण होतं. तो जिल्हा १८७४ साली मोडला आणि हा भाग चांदा जिल्ह्याला जोडला गेला. पुढे १९८२ साली गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा सिरोंचा तिकडे गेलं. राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. जिल्हे असे इकडून तिकडे गेले, माणसं आपल्या दारातच उभी होती! व्यापारी कोमटी, विणकर पद्मशाली आणि कितीतरी जातींची मंडळी या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे ‘वार’ ऐकून जात ओळखायला जाऊ नये, तिथे हमखास फसगत होते.

तेलुगू रीतीत घराण्याचं नाव आधी येतं आणि बहुधा एका अक्षरात मावतं. माजी पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह रावांच्या नावातला ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, हे त्यांचं घराण्याचं नाव. ते रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते, मराठी उत्तम जाणत, आणि हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनीच तेलुगूत नेली. त्यांचे पूर्वज चार पिढ्या आधी चंद्रपूरला येऊन राहिले असते, तर आपल्याकडे पामुलपर्तीवार पंतप्रधान झाले असते! मराठी शाळेने आणि कचेरीने एवढंच केलं, की पुढचं नाव मागे नेलं.

पंतप्रधान नाही तरी मुख्यमंत्री झाले आहेत. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेल्यावर नोव्हेंबर १९६२ मध्ये चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि पदावर असतानाच नोव्हेंबर १९६३ मध्ये वारले. त्यांच्या आडनावाला मंत्रालयात कुणी हसलं असेल असं वाटत नाही. आणि आजही वर्तमानपत्र उघडा, मुनगंटीवार आणि वडेट्टीवार ही नावं रोज डोळ्यांखालून जातात.

यावरून दुर्मिळपणाचं उत्तरही मिळतं. आडनाव दुर्मिळ असतं ते ठिकाणापुरतं. पुण्याच्या वर्गात मामीडवार एकटा. तोच मुलगा चंद्रपूरला, वणीला, पांढरकवड्याला किंवा नांदेडच्या किनवट-बिलोलीकडे नेऊन बसवा, त्याच बाकावर आणखी दोन ‘वार’ निघतील. उलट कोकणातलं एखादं आडनाव आमच्या हजेरीत आलं की आमची मुलं तोंडावर हात ठेवून खुदखुदतात. त्यांना मी तेव्हाच थांबवते. शेडमाके हे आडनाव पुण्याला किती जणींनी ऐकलं असेल? इकडे मात्र बाबूराव शेडमाके हे नाव लहान मुलालाही ठाऊक असतं. इंग्रजांविरुद्ध उठले म्हणून १८५८ साली त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं.

आणि सगळ्याच आडनावांचा अर्थ शब्दकोशात सापडतो असंही नाही. आमच्याकडच्या गोंड घरांत मडावी, आत्राम, उईके, सिडाम ही नावं सांगितली की म्हातारी माणसं पुढचा प्रश्न विचारतात, “किती देवे?” चार, पाच, सहा, सात देवांचे गट असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. तिथे आडनाव बदललं तर लग्न कुणाशी जुळतं आणि कुणाशी नाही, हा हिशेबच चुकायचा.

जगातही हेच चालतं, बरं का. रशियात ‘ओव्ह’ हा आपल्या ‘चा’सारखा प्रत्यय. इवानोव्ह म्हणजे इवानचा. आणि बाई असली की इवानोव्हा! जून १९६३ मध्ये अंतराळात गेलेली पहिली स्त्री वालेंतिना तेरेश्कोवा. तिच्या वडिलांचं आडनाव मात्र तेरेश्कोव्ह. एका घरात नवऱ्याचं आणि बायकोचं आडनाव एका अक्षराने वेगळं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

आता बदलावं का? कायद्याने बदलता येतं. प्रतिज्ञापत्र करायचं, शासनाच्या राजपत्रात, म्हणजे गॅझेटमध्ये, नावात बदल छापून आणायचा. मुलगा अज्ञान असेल तर त्याच्यासाठी पालकांनी अर्ज करायचा. पण गॅझेट निघालं की काम संपलं असं समजू नका, खरं काम तिथून पुढे सुरू होतं. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, विमा, शाळेचा दाखला, आणि गावी शेती असेल तर सातबारा. जातीच्या दाखल्याची पडताळणी असेल तर वडील-आजोबांचे जुने कागद लागतात, आणि त्यांवर मामीडवार असेल व मुलाच्या कागदावर मामीडकर, तर दोघं एकाच घरातले हे सिद्ध करत बसावं लागतं. मुलगा बारावीला पोचला की हे धावपळीचं काम बहुतेक घरांत कुणाच्या वाट्याला येतं, ते तुम्हाला सांगायला नको.

काही आडनावं खरोखर अपमानाची असतात, कुणीतरी हिणवून चिकटवलेली. काहींना आडनावावरून जात हुडकली जाते म्हणून घर भाड्याने मिळत नाही. अशांनी आडनाव टाकलं तर मी त्यांच्याच बाजूने उभी राहीन. पण इथे तसं काही नाही. आणि मामीडकर तर मला मुळीच पटत नाही. ‘कर’ लावायला मामीड नावाचं गाव हवं की नको? उद्या कुणी विचारलं, “हे मामीड कुठे आलं हो?” तर काय सांगणार?

मुलाचं काय, हा खरा प्रश्न. दहा वर्षांच्या मुलाला ‘वारु’चं व्याकरण सांगून वर्गातलं हसू थांबत नाही, हे मी शिक्षिका म्हणून सांगते. वर्गशिक्षिकांना भेटा. आडनावांचा एक तास घ्यायला सांगा. प्रत्येक मुलाने घरी विचारून आपल्या आडनावाचा अर्थ लिहून आणायचा. मी हा तास दर वर्षी घेते. ज्यांची आडनावं ‘साधी’ असतात त्यांच्यापैकी निम्म्या मुलांना काहीच सांगता येत नाही. तुमचा मुलगा मात्र फळ्यासमोर उभा राहून ‘आंबा’ म्हणू शकेल.

इंग्रजीत लिहिताना एकच अक्षरलेखन ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवा. मामीडवार, मामिडवार, मामिडीवार असे तीन भाऊ एका बापाचे, केवळ कारकुनाच्या लेखणीने झालेले, मी पाहिले आहेत.

जाता जाता बाईंनी पत्राच्या शेवटी भीत भीत विचारलेल्या गोष्टीबद्दल. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावलंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. माहेरचं ठेवा, दोन्ही लावा, तुमची मर्जी. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावानंतर आधी आईचं नाव आणि मग वडिलांचं, असा नियम झाला आहे. तुमच्या मुलाला तो लागू नाही. पण त्याच्या वहीत सासरच्या आडनावाखाली तुमच्या माहेरचं आडनाव, आणि जमल्यास तुमच्या आईच्या माहेरचंही, लिहून ठेवायला कोणाची हरकत नसावी.

आणि सासूबाईंना फोन करा. आंब्याचं खरंखोटं, मूळ गाव, कुलदैवत, कोणत्या आजेसासऱ्यांनी नदी ओलांडली, हे विचारा. ‘बदलणार नाही’ हे आधी सांगा, मग विचारा. नाहीतर पुन्हा फोन ठेवून देतील.