पाट आला, निचऱ्याची वही कोठे आहे?

मोठ्या पाटबंधारे प्रकल्पाचे मोजमाप करण्याची आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे. धरणाची उंची किती, कालव्याची लांबी किती आणि क्षेत्र किती भिजले, एवढे सांगितले की हिशेब पुरा झाला असे समजले जाते. भिजलेल्या क्षेत्रापैकी किती जमीन पुढे उपळली किंवा खारावली, हा आकडा त्या हिशेबात क्वचितच आढळतो. लाभक्षेत्रातील शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र तोच आकडा सर्वांत महत्त्वाचा होय.

नीरा खोऱ्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. अवर्षणाने गांजलेल्या बारामती भागात पाणी खेळू लागले व ऊस उभा राहिला. परंतु पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, १९१० साली, डॉ. हॅरल्ड मान व ताम्हणे यांना याच खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याची पुस्तिका लिहावी लागली. १९१६ साली दख्खनच्या कालव्यांवरील पाणथळ जमिनींच्या चौकशीसाठी पाटबंधाऱ्यांचा एक खास विभाग काढण्यात आला. कालवा अगोदर आणि चौकशी मागाहून, हा क्रम असा जुनाच आहे. आणि आजही तो पुरता बदललेला नाही, ही खेदाची गोष्ट होय.

जमीन बिघडते ती एका रात्रीत नव्हे. काळ्या मातीखाली मुरूम व त्याखाली खडक असतो. कालव्यातून पाझरलेले व पिकाला जास्त दिलेले पाणी मुरुमातून उताराने वाहत जाते. जेथे त्यास वाट मिळत नाही तेथे ते वर चढते, आणि उन्हाने पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात. पांढरा थर दिसू लागण्यापूर्वी हरभऱ्यासारखे नाजूक पीक ठिकठिकाणी मरू लागते. शेतकरी बियाण्यास दोष देतो. भूजल जमिनीपासून २ मीटरच्या आत आले म्हणजे जमीन पाणथळ समजतात, व २ ते ३ मीटर ही धोक्याची पातळी मानतात. ही चढती पातळी डोळ्यांस दिसत नाही, पण विहिरीत मोजता येते.

हे काम केवळ भूजल खात्याचे आहे असे मानणे गैर आहे. खात्याच्या निरीक्षण विहिरी ठराविक गावांतच असतात. प्रत्येक गावाने कालव्याजवळची एक, मध्यावरची एक व नाल्याकाठची एक अशा तीन विहिरी निवडाव्यात. कठड्यावर रंगाची खूण करावी आणि ऑक्टोबर, जानेवारी, मार्च व मे या महिन्यांत त्याच खुणेपासून पाणी मोजावे. मोजणी सकाळी, पंप सुरू होण्यापूर्वी करावी. उपसा चाललेल्या विहिरीची नोंद फसवी असते. तुलना मे महिन्याची मे महिन्याशीच करावी. ऑक्टोबरातील पाणी पावसाचेही असू शकते; मे महिन्यातील पातळी वर्षानुवर्षे वर येऊ लागली, तर मात्र पाटाच्या पाण्याकडे बोट दाखविण्यास जागा आहे.

शेतकरी म्हणतो, कालवा गळतो. पाटबंधाऱ्याचा माणूस म्हणतो, शेतकरी उसात पाणी तुंबवितो. बहुधा दोघेही खरे बोलत असतात! पाळी बंद होताच कालव्याजवळची विहीर उतरू लागली तर गळती उघड होते. कालव्यापासून दूरची विहीर उसाच्या पाण्याबरोबर चढली तर दोष शेतातील पाण्याचा. नोंदवही असली म्हणजे वाद मिटतो असे नाही, परंतु तो कशाविषयी आहे हे तरी कळते.

२००६ सालच्या पर्यावरणविषयक अधिसूचनेखाली मंजुरी मिळालेल्या प्रकल्पांना, घातलेल्या अटींचे पालन कसे झाले याचा अहवाल दर वर्षी १ जून व १ डिसेंबर रोजी द्यावा लागतो. हा अहवाल सार्वजनिक असतो, व अर्ज केल्यास कोणासही त्याची प्रत मिळू शकते. अशी प्रत किती ग्रामपंचायतींच्या कपाटात असेल? गावपातळीवरील कार्यकर्त्याने ती मागवून ग्रामसभेत वाचून दाखवावी व गावच्या वहीशी ताडून पाहावी. निचऱ्याचे चर झाले असे अहवाल म्हणत असेल, तर ते कोणत्या शिवारात झाले हे विचारण्याचा गावास अधिकार आहे.

गावाचा दोषही झाकून ठेवता येणार नाही. मूळचे ओघळ व नाले नांगरून दोन सऱ्या वाढविणारे शेतकरी थोडेथोडके नाहीत. चोपण जमिनीत जिप्सम टाकावयाचे तर आधी निचरा हवा. पाण्यास वाट नसेल तर तो पैसा मातीत जातो. आणि वरच्या शेताचा चर खालच्या शेतातूनच नाल्यास मिळणार. खालचा शेतकरी जागा देण्यास नाखूष असतो, कारण त्याची जमीन अद्याप चांगली असते. ही वाट जमीन खारावल्यावर मागितली तर भांडण होते. ती चारी आखतानाच, नकाशावर व सर्वांच्या सह्यांनिशी, ठरवून घ्यावी.