अक्षरओळखीच्या पुढे

'आजीने आभाळाकडे पाहिलं आणि अंगणातल्या कुरडया भराभर उचलल्या.' हे वाक्य तिसरीतलं मूल न अडखळता वाचतं. 'आजीने असं का केलं?' असं विचारलं, की मात्र कितीतरी मुलं गप्प होतात. पावसाचा उल्लेख वाक्यात कुठेच नाही. तो वाचणाऱ्याने मनाने जोडायचा असतो. हे जोडणं सगळ्या मुलांना आपोआप येत नाही, शिकवावं लागतं. म्हणूनच यंदाच्या दिवाळी अंकाचा मुख्य विभाग आम्ही प्राथमिक शाळेतल्या वाचनाला दिला आहे.

अक्षरओळखीचं कामही अजून संपलेलं नाही. 'असर' या शैक्षणिक पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाने मुलांच्या पायाभूत वाचनासाठी 2026-27 ही मुदत घातली आहे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थासह वाचावेत, अशी त्यात अपेक्षा आहे. शब्द घड्याळ लावून मोजता येतात, अर्थ मोजणं अवघड. त्यामुळे घाईत अर्थच मागे पडण्याची भीती आहे.

अर्थापर्यंत नेणाऱ्या रीती साध्या आहेत. गोष्ट उघडण्याआधी चित्र पाहून अंदाज करू द्यावा. मध्येच थांबून 'आता काय होईल?' विचारावं. नवा शब्द आला की अर्थ सांगण्याआधी आजूबाजूच्या वाक्यांतून तो शोधू द्यावा. शिक्षकांनी स्वतः वाचताना मनात काय चाललं आहे ते मोठ्याने बोलून दाखवावं, म्हणजे समजणं कसं घडतं ते मुलांना ऐकू येतं. आणि शेवटी मुलाने गोष्ट आपल्या शब्दांत सांगावी. घरी अहिराणी, वारली किंवा गोंडी बोललं जात असेल, तर त्या भाषेत.

साधनांचीही वानवा नाही. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेलं 'वाचू आनंदे' हे पुस्तक आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं विनामूल्य आहेत. फलटणची प्रगत शिक्षण संस्था आणि पालघर जिल्ह्यातली 'क्वेस्ट' ही संस्था यांच्या कामातून शिक्षकांना शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कमी पडतो तो वेळ. पुस्तकं फाटतील या धास्तीने कपाटाला कुलूप लागतं आणि वेळापत्रकात गोष्टीला तास उरत नाही. रोज वीस मिनिटं निव्वळ वाचून दाखवण्यासाठी आणि त्यावर बोलण्यासाठी राखून ठेवावीत, एवढी आमची मुख्याध्यापकांना कळकळीची विनंती आहे. हाताळून फाटलेलं पुस्तक हा शाळेचा तोटा मानू नये.

या अंकासोबत मुलांसाठी गोष्टींची पुरवणी दिली आहे. प्रत्येक गोष्टीखाली असे प्रश्न आहेत, ज्यांची उत्तरं मजकुरात आयती सापडणार नाहीत. सुट्टीत मुलांना जवळ घेऊन ती पुरवणी वाचा आणि उत्तराला त्यांना पुरेसा वेळ द्या.

 

— संपादक